निळ्या रिबिनीच्या कुंड्या

माझी लहान बहीण संघमित्रा जेवायले बसते तेव्हाही अर्धी उभीच असते. एक घास तोंडात, डोळे मोबाइलवर, अन् पाय आपला हालूनच राहिला. आमची आई होती तेव्हा तिच्यावर खेकसायची, "अवं, एका जागी बस ना! पायाले भिंगरी बांधली का कोणं?" आई गेली, भिंगरी काही गेली नाही. मी शालू, तिची मोठी बहीण. शहरातल्या कोहका वस्तीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, नवरा आहे, एक पोरगी आहे, अन् जिवाले कायमचा घोर म्हणून ही संघमित्रा आहे.

दुकानात बाया विचारतात, बहीण काय करते? मी ताठ मानेनं सांगते, सायंटिस्ट आहे. मंग त्या विचारतात, नौकरी कुठं आहे? इथं माझं घोडं अडते. बी.एस्सी. झालं, एम.एस्सी. झालं, मंग पीएच.डी. सुरू झाली ती सुरूच. मधात एका प्रोजेक्टवर लागली, तो प्रोजेक्ट बंद पडला. दुसऱ्यावर लागणार होती, त्याची मंजुरीच वरून आली नाही. तिच्या संगातल्या पोरी बँकेत लागल्या, रेल्वेत लागल्या, त्यायचे लेकरं शाळेत जाऊन राहिले, अन् आमची बाई अजून 'स्टुडंट'! सायंटिस्टची नौकरी असते का नुसती तयारीच असते, हे मले खरंच समजत नव्हतं. मी हे तोंडावर बोलली का ती चप्पल घालून निंघायची, आमच्या माहेरच्या खुर्सीपार वस्तीचा आख्खा बाजार फिरून यायची, अन् हातात काही नाही. कोथिंबीरही नाही.

बाबाची मात्र तिले पुरी साथ. आमचे बाबा, टिकाराम, स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनवर होते. जन्मभर भट्टीची आच खाल्ली माणसानं, पण घरी कधी आवाज चढवला नाही. मी लग्नाची गोष्ट काढली का त्यायचं एकच पालुपद, "शिकू दे तिले." मी म्हणायची, "बाबा, शिकून शिकून केस पांढरे होतीन तिचे!" तं म्हणे, "होऊ दे. माझे बिनशिकता झाले."

तिचं संशोधन काय, ते मले समजलं तसं सांगते. आमच्या छत्तीसगडात भाटा म्हणून जमीन असते. लाल, मुरमाड अन् आंबट. माती आंबट असते हेही मले तिनंच सांगितलं. तिच्यात धड गवत येत नाही. तिथल्याच एका झुडपाच्या मुळाशी संघमित्राले एक जीवाणू सापडला होता. तिचं म्हणणं असं का हा जीवाणू बियाले लावून पेरलं तं भाटा जमिनीतही मूग चांगला येईन. आता हे खरं का खोटं, पाहाले पाहिजे ना? मंग तिनं कुंड्यायत भाटा माती भरली. अर्ध्यायत जीवाणू लावलेला मूग, अर्ध्यायत साधा. माती तीच, पाणी तेवढंच, ऊन तेच. ओळखू यावं म्हणून जीवाणूवाल्या कुंड्यायले निळी रिबीन बांधली अन् साध्यायले पांढरी. रिबिनी माझ्याच दुकानातल्या.

कुंड्या ठेवायच्या कुठं, हा मोठा प्रश्न होता. कॉलेजातलं जाळीचं शेड दुरुस्तीले काढलेलं, अन् आमच्या खुर्सीपारच्या घराले अंगण नावालेही नाही. मंग बाबानं कमिटीले विचारून वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कंपाउंडात जागा मिळवून दिली. तिथं तारेचं कुंपण आहे, बकऱ्या शिरत नाही, ऊन खणखणीत. मी पाहाले गेली तं कुंड्या सगळ्या सरमिसळ. निळी, निळी, पांढरी, निळी, मंग पांढऱ्या तीन, कायचा मेळ नाही. मी म्हटलं, "अवं, जरा लाइनीत लाव ना. भंगारवाल्याचं दुकान दिसून राहिलं." ती म्हणे, "राहू दे ताई, तसंच पाहिजे." बस, तेवढंच. अन् निंघाली फिरायले.

त्याच वेळी हैदराबादच्या एका संस्थेत शास्त्रज्ञाची जागा निंघाली. तिच्याच विषयाची, अन् पक्की. अशी जागा चार-पाच वर्षांतून एकदा निंघते म्हणे. त्यायले उमेदवाराचं नवं काम पाहिजे होतं, म्हणजे या कुंड्यायचा निकाल. आता तिचं काय झालं असंन, सांगा! झोप गेली, भूक गेली. सकाळी उठून विहारात, दुपारच्या उन्हात विहारात, सांजच्याला पुन्हा विहारात. मुगाले दोन पानं फुटले तं फोन, तिसरं पान फुटलं तं फोन. मी म्हटलं, "बाई, माझ्या पोरीचे दात आले तेव्हाही मी इतके फोन केले नव्हते."

एप्रिल लागला अन् तिले मातीच्या तपासण्यांसाठी रायपूरच्या लॅबमध्ये जावं लागलं, चांगले दोन-तीन आठवडे. कुंड्यायले पाणी घालायचं काम बाबाकडं. मी तिकडं फिरकलीच नाही, कावून का चौदा एप्रिल तोंडावर आला होता. बाबासाहेबांची जयंती म्हणजे आमच्या वस्तीतला सगळ्यात मोठा सण. साऱ्या बायायले पांढऱ्या साड्यायवर नवे ब्लाउज पाहिजे, अन् तेही 'शालू, उद्याच दे.' मान वर करायले फुरसत नव्हती.

ती रायपूरहून आली अन् तासाभरात तिचा फोन. "ताई, आत्ताच्या आत्ता ये." मले वाटलं बाबाले काही झालं. मशीन तशीच सोडून ऑटो केला. विहारात जाऊन पाहते तं ही बाई कुंड्यायसमोर उभी. निळ्या रिबिनीचा मूग भरगच्च, हिरवागार, अन् पांढऱ्या रिबिनीचा बापडा पिवळा, मरतुकडा. आंधळ्यालेही दिसला असता असा फरक. "ताई, झालं," ती म्हणे, "खरंच झालं." अन् मले मिठी मारली. लहानपणापासून तिनं मले मिठी मारलेली मले तं आठवत नाही. मी रडली, खोटं कायले बोलू?

तिच्या पीएच.डी.च्या सरायनं पेपर लिहून पाठवायले लावला, हैदराबादहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. आनंद झाला तरी चैन काही पडेना तिले. रातभर कूस बदलते, असं बाबा सांगत. मी म्हटलं, होऊ दे, एकदा ऑर्डर हातात आली का झोपते की नाही पाहा.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेले विहारात तिचा सत्कार ठेवला. मोठं फ्लेक्स लागलं, फोटो तिचा कॉलेजातला जुनाच. सत्कार केला गयामावशीनं. गयामावशी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यापासून विहार हेच त्यायचं घर. आवाज असा का माइकले लाज वाटावी. संघमित्राच्या अंगावर शाल घातली अन् बोलायले उभ्या राहिल्या.

"ही पोरगी आपली आहे," गयामावशी म्हणाल्या, "अन् हिच्या यशात आपल्या मंडळाचाही हात लागला आहे, बरं का! ही रायपूरले होती, तवा जयंतीले आम्ही विहार सजवला. हिच्या कुंड्या पाहिल्या तं कुठं निळी, कुठं पांढरी, सगळा घोळ! आम्ही निळ्या रिबिनीच्या साऱ्या वेचून काढल्या अन् गेटापासून बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत दोहीकडून लाइनीनं लावल्या. काय शोभा आली होती! अन् विहाराले मारून उरलेला चुना मी माझ्या हातानं एकेका कुंडीच्या मातीत कालवून घातला, वाळवी लागू नये म्हणून. कार्यक्रम झाल्यावर पोरगी चिडंन म्हणून पुन्हा होत्या तशा सरमिसळ ठेवून देल्या. तवा कुठं झाड असं जोमात आलं!"

टाळ्यायचा कडकडाट. मीही वाजवल्या. अन् मंग माझी नजर बहिणीकडं गेली. तोंड पांढरंफटक. तिनं माइकवर नाही, हळूच मावशीले विचारलं, "मावशी, चुना फक्त निळ्यायतच घातला?"

"हाव तं! पांढऱ्या मागच्या भिंतीले लावून ठेवल्या होत्या. त्यायले कोण पाहते?"

संघमित्रा खुर्चीवर बसली ती कार्यक्रम संपेपर्यंत हलली नाही. मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं का काहीतरी भयंकर झालं.

घरी आल्यावर तिनं सांगितलं. आंबट मातीत चुना घातला का माती सुधरते, पीक वाढते. हे काही नवीन नाही, कोणत्याही शेतीच्या पुस्तकात आहे. आता निळ्यायतला मूग जीवाणूनं वाढला का चुन्यानं, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणजे निकाल नाहीच. साऱ्या मेहनतीवर पाणी.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "मी तिथंच होतो बेटा. कुंड्या उचलू लागलो मी. मले वाटलं, निळ्या आहेत तं समोर शोभतीन."

माझ्या तं अंगाचा तिळपापड झाला. असं वाटलं आत्ताच जाऊन त्या गयामावशीले विचारावं, का बाई, तुले कोणं सांगितलं होतं दुसऱ्याच्या कुंडीत हात घालायले? पण भांडून काय होणार होतं? मी डोकं शांत केलं अन् बहिणीले म्हटलं, "हे पाहा, मावशी बोलल्या ते वस्तीनं ऐकलं. हैदराबादले कोण जाऊन सांगणार आहे? इंटरव्ह्यू दे, ऑर्डर घे, मंग निवांत पुन्हा कुंड्या लाव. तुह्या जीवाणूनंच वाढलं असंन कशावरून नाही?"

"सरही हेच म्हणाले," ती म्हणे. "आधी इंटरव्ह्यू होऊ दे, मंग पाहू."

"मंग! सर काय येडे आहेत का?"

"ताई, तू ब्लाउज शिवते. आतून शिलाई चुकली अन् गिऱ्हाइकाले दिसत नाही, तं तू तसाच देशीन का?"

"देईन!" मी म्हटलं. "सणासुदीले रोज देते! अन् कोणाचा जीव नाही गेला आजपर्यंत!"

ती हसली नाही. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत, नुसत्या येरझारा. "उद्या एखादा शेतकरी माझं वाचून भाट्यात मूग पेरंन, ताई. अन् काहीच नाही उगवलं तं?" मी म्हटलं, "शेतकरी तुहा इंग्रजी पेपर वाचायले बसला आहे का?" असं आमचं वाढतच गेलं. मी ओरडून राहिली, ती ओरडून राहिली. शेवटी बाबा बोलले, अन् कधी नाही ते मोठ्यानं बोलले. "शालू, बस झालं. दर रविवारी विहारात हात जोडून आपण काय म्हणतो? मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. ते नुसतं म्हणायले आहे का? मीच कुंड्या हलवल्या, अन् आता मीच पोरीले खोटं बोलायले लावू?" मंग माझं तोंड बंद झालं. पण पटलं नव्हतं, अजिबात पटलं नव्हतं.

ती हैदराबादले गेली, इंटरव्ह्यू दिला. पहिल्याच प्रश्नाले कुंड्यायचं सगळं खरं सांगून आली. पेपरही परत मागवला. जागा दुसऱ्याले मिळाली. ज्या दिवशी समजलं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं अन् तिच्याजवळ जाऊन बसली, म्हटलं, रडंन बिचारी. कायची रडते! कोरड्या डोळ्यानं नवीन बियाणं निवडून राहिली होती.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचं ते वर्ष आम्ही कसं काढलं, आमचं आम्हाले माहीत. ती घरात टिकायची नाही. सायकल काढायची अन् पार हुडको कॉलनीपर्यंत उगीच जाऊन यायची. एखाद दिवशी माझ्या दुकानात यायची, स्टुलावर टेकायची, अन् मी चहा सांगेपर्यंत गायब. तिकडं गयामावशीची वेगळीच तऱ्हा. कोणीतरी त्यायले सांगितलं होतं का तुमच्या चुन्यानं पोरीची नौकरी गेली. बाईनं अध्यक्षपद सोडलं. माइक हातात घेईना. रस्त्यात संघमित्रा दिसली का दुसऱ्या गल्लीत वळायच्या. अन् संघमित्रा? तीही काही बोलायले गेली नाही. मी म्हटलं, "जाऊन एकदा भेट त्यायले. म्हातारी झुरून राहिली." तं म्हणे, "काय सांगू त्यायले? त्यायले समजणार नाही."

उन्हाळ्यात कॉलेजच्या शेडमध्ये कुंड्या लागल्या. आता तिथं कुलूप होतं. दिवस भरले, मोजमाप झालं, अन् एका दुपारी तिचा फोन आला. आवाज एकदम साधा. "ताई, काही फरक नाही. निळ्या अन् पांढऱ्या, दोन्ही सारख्याच मरतुकड्या. चुनाच होता तो." कैची हातात तशीच राहिली. इतके वर्ष ज्याच्यामागं धावली, त्यात काहीच नव्हतं! मी म्हटलं, "मंग आता?" ती म्हणे, "आता हेच लिहीन."

अन् हेच लिहिलं तिनं. मंग रायपूरले तिची शेवटची तोंडी परीक्षा ठरली. ही परीक्षा सगळ्यायसमोर होते, कोणीही येऊन बसू शकते. बस, बाबानं वस्तीत एवढं बोलायचा अवकाश, आख्खी गाडी भरली. सकाळी गाडी निंघताना पाहते तं मागच्या सीटवर, खिडकीशी, गयामावशी. पांढरी साडी, नवा ब्लाउज, तोही दुसऱ्याकडून शिवलेला.

हॉलमध्ये आम्ही सगळे रांगेनं बसलो. संघमित्रा पडद्यावर चित्रं दाखवून इंग्रजीत बोलून राहिली होती अन् आम्ही माना डोलवून राहिलो होतो. परीक्षक बाहेरून आलेले, वयस्कर, चष्म्यावरून पाहणारे. त्यायनं हिंदीत विचारलं, "पहले साल के गमलों का डेटा आपने निकाल क्यों दिया? वो तो बहुत अच्छा था।"

"सर, गमलों की जगह बदल गई थी, और कुछ में चूना गिर गया था।"

"किससे?"

"मेरी लापरवाही थी, सर।"

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "खोटं बोलून राहिली ती, साहेब," गयामावशी उभ्या राहिल्या होत्या. वर्षभर न ऐकलेला तो आवाज, माइकबिगर, पुऱ्या हॉलभर. "चुना म्या टाकला. कुंड्याही म्याच हलवल्या. तिले नापास नका करू. चूक माझी आहे."

सगळे वळून पाहाले लागले. बाबानं डोळे मिटून घेतले. मले वाटलं आता हे साहेब आम्हाले हाकलून देतीन. पण ते विदर्भातलेच निंघाले. मराठीत म्हणाले, "बसा बाई. कोणी नापास नाही करत." अन् संघमित्राकडं पाहाले लागले, आता तुम्ही काय म्हणता, अशा नजरेनं.

ती टेबलाच्या मागून पुढं आली. "मी खोटं नाही बोलून राहिली, मावशी. चूक माझीच आहे. कुंड्या सरमिसळ कावून ठेवल्या, हे मी तुमाले सांगितलंच नव्हतं."

"मंग सांग ना आता," गयामावशी म्हणाल्या. उभ्याच होत्या. "वर्षभर इचार करून राहिली मी. झोप नाही मले. असं काय मोडलं मी, का तुही नौकरीच गेली?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. "सांगा त्यांना," ते म्हणाले. "माझाही पुढचा प्रश्न हाच समजा."

मंग माझ्या बहिणीनं आपल्या परीक्षेत, त्या साऱ्या मोठ्या लोकायसमोर, आमच्या घरच्या भाषेत सांगितलं. "मावशी, समजा एका कोपऱ्यात ऊन जास्त आहे. दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीची सावली आहे. साऱ्या निळ्या उन्हात ठेवल्या अन् साऱ्या पांढऱ्या सावलीत, तं निळ्या वाढल्या त्या उन्हानं का माझ्या जीवाणूनं, हे कसं कळंन? म्हणून सरमिसळ ठेवायच्या. म्हणजे ऊन, सावली, वारा, कोणाच्या हातचं पाणी, जे काही चांगलं-वाईट होईन ते दोघायले सारखंच होईन. त्याच्यावरही निळी वाढली, तंच ती खरी वाढली."

गयामावशी ऐकून राहिल्या. मंग हळूच म्हणाल्या, "म्हणजे एकालेच खाऊ घातलं अन् मंग म्हटलं का हाच जोरदार निंघाला."

"हाव, मावशी. तेच."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मंग हे मले तवा कावून नाही सांगितलं, पोरी? मी त्या कुंड्यायजवळ कोणाले फिरकू देलं नसतं. रात्री उठून राखण केली असती मी."

"मले वाटलं," संघमित्रा म्हणाली, "मले वाटलं, तुमाले समजणार नाही."

नौकरी गेली तेव्हा ती रडली नव्हती, जीवाणू खोटा निंघाला तेव्हाही रडली नव्हती. त्या हॉलमध्ये ती रडली, ओढणी तोंडावर धरून, लहान पोरीसारखी. गयामावशी खुर्च्यायमधून वाट काढत तिच्याजवळ गेल्या, अन् साहेब कोणालेही काही न विचारता थांबून राहिले.